सोशल मीडिया कंपनीवर विश्वास नाही ना? मग आधी एवढं करून घ्या

वाळवणाचा सीझन म्हणजे आमच्याकडे फेब्रुवारीच्या शेवटापासून मेपर्यंत. दोन वर्षांपूर्वी ऐन मार्चमध्ये, गच्चीवर कुरडया वाळत घातलेल्या, आणि मी सकाळी ऑर्डरी बघायला फोन घेतला तर सोशल मीडियावरचं माझ्या वाळवणाचं पेज मलाच उघडेना. पासवर्ड चुकीचा म्हणे. ईमेल बदललेला, नंबर बदललेला. दुपारपर्यंत नेहमीच्या गिऱ्हाइकांचे फोन सुरू झाले, ताई तुम्ही ॲडव्हान्स मागितलाय का, हा क्यूआर तुमचाच का. सात जणींनी पैसे भरून पण टाकले होते, त्यातल्या एक माझ्या चुलत जाऊबाई.

पेज परत मिळायला सव्वीस दिवस लागले. तेवढ्या दिवसांत जे वाचलं, विचारलं आणि चुकत चुकत केलं ते इथे क्रमाने लिहितेय. मी काही कॉम्प्युटरवाली नाही, बरंचसं भाच्याने समजावलंय.

माझा पहिला राग कंपनीवरच होता. यांनीच पासवर्ड विकला असणार असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते. नंतर कळलं की तो फुटला एका साड्यांच्या वेबसाइटवरून, जिथे मी कधीकाळी एक साडी घेतली होती आणि सगळीकडे असतो तोच पासवर्ड तिथेही टाकला होता. म्हणून सोशल मीडियावाले धुतल्या तांदळासारखे आहेत असं अजिबात नाही, खाली येईलच. पण विश्वास नाही म्हणून आपण करतो काय, तर तो लांबलचक मेसेज वॉलवर चिकटवतो, "मी माझे फोटो वापरायची परवानगी देत नाही" वगैरे, आणि खाली दहा जण "मी पण" म्हणतात. त्याने काडीचा फरक पडत नाही, अकाऊंट उघडताना ज्या अटींवर ओके दाबलंय त्याच लागू राहतात. विश्वास नाही ना, मग कंपनी कधीतरी चुकणारच असं धरून चाला आणि ती चुकेल तेव्हा आपलं एकच भांडं फुटेल, सगळी मांडणी खाली येणार नाही, असं घर लावून ठेवा. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

पासवर्ड कंपनीकडे असतो कसा

हे पाच मिनिटं वाचा, मग बाकीच्या पायऱ्या का करायच्या ते आपोआप कळतं. नियमाने कंपनीने तुमचा पासवर्ड ठेवायचाच नसतो. ती तो दळते आणि पीठ ठेवते. तुम्ही पुढच्या वेळी पासवर्ड टाकला की ती तो पुन्हा दळते आणि नवं पीठ जुन्या पिठाशी जुळतं का बघते. पिठाची परत डाळ होत नाही, त्यामुळे चोराने डबा पळवला तरी त्याच्या हाती पीठच. याला हॅशिंग म्हणतात. आणि दळताना प्रत्येकाच्या डाळीत वेगवेगळं मीठ टाकतात, खरंच त्याला सॉल्टच म्हणतात, मी गंमत करत नाहीये. मीठ नसेल तर दोन माणसांच्या सारख्या पासवर्डचं पीठ अगदी सारखं निघतं, मग चोर नेहमीचे लाखभर पासवर्ड घरी आधीच दळून ठेवतो आणि नुसते जुळवत बसतो.

लिंक्डइनने हेच केलं होतं, बिनमिठाचं दळण. २०१२ मध्ये त्यांच्याकडून ६५ लाख पासवर्डचं पीठ बाहेर आलं असं वाटलं होतं, २०१६ मध्ये कळलं की आकडा ११ कोटी ७० लाखांच्या घरात आहे. त्याच वर्षी फेसबुकवाल्या मार्क झुकरबर्गचं ट्विटर (आताचं एक्स) आणि पिंटरेस्ट अकाऊंट काही वेळ दुसऱ्यांच्या ताब्यात गेलं, आणि आम्ही लिंक्डइनच्या त्या यादीतून पासवर्ड काढला असं ते ताब्यात घेणाऱ्यांचं म्हणणं होतं. म्हणजे एकच पासवर्ड सगळीकडे वापरण्यात मी एकटी नव्हते, एवढंच समाधान.

आता फेसबुक. मार्च २०१९ मध्ये ब्रायन क्रेब्स नावाच्या पत्रकाराने बातमी दिली आणि कंपनीने ती मान्य केली, की कोट्यवधी लोकांचे पासवर्ड त्यांच्या आतल्या नोंदींमध्ये न दळता, जसेच्या तसे पडून होते. क्रेब्सच्या बातमीत आकडा २० ते ६० कोटी लोकांचा होता, काही नोंदी २०१२ पासूनच्या होत्या आणि २० हजारांवर कर्मचाऱ्यांना त्या शोधता येत होत्या. यातले सगळ्यात जास्त लोक फेसबुक लाइटवाले, म्हणजे साधा फोन आणि अडखळतं नेटवर्क असलेले, आपल्यासारखेच. कुणी गैरवापर केल्याचं दिसलं नाही असं कंपनी म्हणाली. आयर्लंडच्या डेटा आयोगाने सप्टेंबर २०२४ मध्ये या प्रकरणात ९ कोटी १० लाख युरो दंड लावला. ट्विटरचंही असंच, मे २०१८ मध्ये त्यांनी ३३ कोटी लोकांना सांगितलं की पासवर्ड बदलून घ्या, आमच्या नोंदीत ते दळण्याआधीच लिहिले जात होते.

यात तुमचा पासवर्ड कितीही अवघड असता तरी काय उपयोग? डाळच उघडी पडलेली. उपयोग एकाच गोष्टीचा, ती किल्ली दुसऱ्या कुठल्याच कुलपाला लागायला नको.

काय काय लागेल

एक मोकळी दुपार, खरंच, मधे कुकर लावायचा असेल तर नका बसू. तुमच्या स्वतःच्या नावावरचं चालू सिम. एक वही आणि पेन. पासवर्ड सांभाळणारं एक ॲप आणि कोड दाखवणारं एक ॲप, दोन्ही फुकट मिळतात, नावं पुढे देते. आणि तुमची कुठे कुठे अकाऊंट आहेत त्याची यादी, आठवत नसेल तर ईमेलमध्ये "वेलकम" आणि "व्हेरिफाय" हे शब्द शोधा. माझी निघाली ६३. त्यातली निम्मी मला आठवत पण नव्हती.

सेटिंगमधली नावं कंपन्या सारख्या बदलतात, त्यामुळे मी लिहिलेलं बटण नेमकं त्याच जागी नसेल तर घाबरू नका, सेटिंगच्या शोधपट्टीत शोधा.

१. सुरुवात ईमेलपासून

सगळे जण फेसबुक-इन्स्टापासून सुरू करतात आणि इथेच चुकतात. "पासवर्ड विसरलात?" दाबल्यावर लिंक कुठे येते? ईमेलवर. ज्याच्या हातात ईमेल त्याच्या हातात बाकी सगळं. म्हणून आधी ईमेलचा पासवर्ड नवा करा, जो दुसरीकडे कुठेच नाही असा. मग सिक्युरिटी चेकअपमध्ये जाऊन रिकव्हरी नंबर आणि रिकव्हरी ईमेल तपासा. माझ्या ईमेलला नणंदेचा सहा वर्षांपूर्वी बंद झालेला नंबर होता.

एक सापळा कुणी सांगत नाही तो सांगते. चोर ईमेलमध्ये शिरला की कधी कधी आत एक फॉरवर्डिंग लावून ठेवतो, म्हणजे तुमच्या मेलची कॉपी गुपचूप त्याला जात राहते, तुम्ही पासवर्ड बदला नाहीतर काहीही करा. जीमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर असे दोन भाग आहेत, कॉम्प्युटरवरून उघडून दोन्ही बघा, आपण न लावलेलं काही दिसलं तर काढून टाका.

मग हॅव आय बीन पोन्ड या साइटवर तुमचा ईमेल टाकून बघा, पोन्डचं स्पेलिंग पी-डब्ल्यू-एन-ई-डी. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियातल्या माणसाने ती २०१३ मध्ये सुरू केली, तुमचा ईमेल कुठकुठल्या फुटलेल्या यादीत आहे ते ती सांगते. तिथे फक्त ईमेल टाकायचा. मिळत्याजुळत्या नावाच्या कुठल्या साइटने ईमेल आणि पासवर्ड दोन्ही एकत्र मागितले तर तिथून उठायचं.

२. सिम कुणाच्या नावावर आहे

आपल्याकडे घरातली निम्मी सिमं भलत्याच नावावर असतात. दिराने कॉलेजात असताना घेतलेलं, दुकानदाराने "चालतंय हो" म्हणून दिलेलं. नंबर गेला आणि सिम पुन्हा काढायचं झालं तर ज्याच्या नावावर त्यालाच ओळखपत्र घेऊन जावं लागतं. केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती नंबर आहेत ते दिसतं, आपले नसलेले तिथेच कळवता येतात.

दुसरी गोष्ट, बंद नंबर. रिचार्ज न करता सोडलेला नंबर कंपनी कायमची रिकामा ठेवत नाही. बंद झाल्यावर निदान ९० दिवस थांबते आणि मग तो दुसऱ्या कुणाला तरी देते. त्या नंबरवर तुमचं जुनं फेसबुक असेल तर ओटीपी आता त्या नव्या माणसाकडे जाणार, तो बिचारा चोर नसेलही, पण असला तर? म्हणून नंबर सोडायच्या आधी सगळीकडून तो काढा, आधी नवा नंबर लावून मगच जुना सोडायचा.

तिसरी, सिम स्वॅप. कुणीतरी तुमच्या नावाने कागद दाखवून नवं सिम काढतो आणि तुमचं बंद पडतं. ऑगस्ट २०१९ मध्ये ट्विटरच्या तेव्हाच्या प्रमुखाचंच, जॅक डॉर्सीचंच, ट्विटर अकाऊंट याच पद्धतीने त्याच्या नंबरमार्फत गेलं होतं. घरात सगळ्यांना रेंज आहे आणि तुमच्याच फोनची तासभर गेली, तर टॉवरचं काहीतरी असेल म्हणून बसू नका, दुसऱ्या फोनवरून कंपनीला आणि बँकेला फोन लावा.

फोन चोरीला गेला तर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येतं, म्हणून सिमलाही पिन लावता येतो. पण कंपनीने दिलेला सुरुवातीचा पिन आधी विचारून घ्या, अंदाजाने टाकत बसू नका, तीनदा चुकला की पीयूके, म्हणजे अडकलेलं सिम उघडायचा कोड मागतो आणि तो दहादा चुकला की सिम कायमचं बाद.

३. पासवर्ड, एकदाचे

आता सगळ्यात कंटाळवाणं पण सगळ्यात कामाचं.

मोठं अक्षर हवं, आकडा हवा, चिन्ह हवं आणि दर तीन महिन्यांनी बदला, हा नियम २००३ मध्ये अमेरिकेतल्या एनआयएसटी या सरकारी संस्थेच्या बिल बर यांनी लिहिला होता. २०१७ मध्ये त्यांनीच कबूल केलं की त्यातल्या बऱ्याचशा सूचनांचा मला आता पश्चात्ताप होतो. कारण माणूस काय करतो? गणपती@१ चा गणपती@२ करतो. चोरांना हे सगळं पाठ आहे. मुलाचं नाव आणि जन्मसाल, गाडीचा नंबर, जय आणि पुढे दैवत, १६७४, हे आपल्याला फार वेगळं वाटतं पण हजारो मराठी माणसांनी तेच ठेवलेलं असतं.

लांबी महत्त्वाची. पाच-सहा शब्द एकमेकांशी काही संबंध नसलेले घ्या, जसं सतरंजी-टपाल-वांगं-पोपट-उंबरा, इंग्रजी अक्षरांत टाइप करा, मधे रेघ. हा माझा नाही, आणि आता इथे छापला म्हणजे तुमचाही नको. शब्द मनाने निवडू नका, मन लबाड असतं, ते देव, नवरा आणि माहेर यांच्यावरच जातं. शब्दकोश डोळे मिटून उघडा आणि बोट ठेवा. अभंगाची ओळ किंवा आरती तर नकोच, ती सगळ्यांनाच पाठ आहे.

असा शब्दांचा पासवर्ड फक्त दोनच ठिकाणी लागतो, ईमेलला आणि पासवर्ड मॅनेजरला, म्हणजे ते पासवर्ड सांभाळणारं ॲप. बाकीचे सगळे मॅनेजरला बनवू द्या, वीस अक्षरांचे, अगम्य, तुम्हाला माहीत असायची पण गरज नाही. बिटवॉर्डन फुकट आहे आणि त्याचा कोड उघड आहे, म्हणजे जाणकार लोक आत काय चाललंय ते तपासू शकतात. आपली तिजोरी कुणाच्या सर्व्हरवरच नको असेल तर कीपास, ॲन्ड्रॉइडवर कीपासडीएक्स, ती फाइल तुमच्याच फोनमध्ये राहते, पण मग तिची कॉपी पेनड्राइव्हवर ठेवायचं काम तुमचं.

"पण मॅनेजरची कंपनी पण चुकली तर?" भाच्याला मी हेच विचारलं होतं. चुकतात ना. २०२२ मध्ये लास्टपासकडून लोकांच्या तिजोऱ्यांच्या कॉपी चोरीला गेल्या. तिजोऱ्या कुलूपबंद होत्या, पण ज्यांचा मुख्य पासवर्ड लेचापेचा त्यांची तिजोरी चोर घरी बसून निवांत फोडत राहू शकतो. म्हणून तो एक पासवर्ड लांब. आणि तो वहीत लिहून कपाटात ठेवा, विसरलात तर कंपनीलाही उघडून देता येत नाही.

हो, वहीत. पासवर्ड कधीच लिहू नका असं सांगणारे लोक मला पटत नाहीत. आमच्या सासूबाईंना ॲप जमत नाही, त्यांची एक वही आहे, प्रत्येक अकाऊंटला एक पान आणि वेगळा पासवर्ड. परदेशातला चोर आमच्या गोदरेजच्या कपाटापर्यंत येणार नाहीये. फक्त वहीचा फोटो काढून फोनमध्ये ठेवायचा नाही आणि व्हॉट्सॲपवर मुलीला पाठवायचा तर बिलकुल नाही (पाठवला होता त्यांनी, एकदा).

६३ अकाऊंट एका दिवसात बदलायला जाऊ नका. ईमेल, बँक, सोशल मीडिया आज. बाकीची जेव्हा उघडाल तेव्हा. न लागणारी बंदच करा.

४. दुसरं कुलूप

पासवर्ड फुटला तरी आत येता येऊ नये म्हणून टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड. इथे कंपन्यांवर विश्वास नसलेल्या लोकांचा एक खरा आक्षेप आहे आणि तो मला मान्य आहे, की सुरक्षेसाठी म्हणून नंबर मागतात आणि मग जाहिरातींना वापरतात. ट्विटरने अगदी हेच केलं. २०१३ ते २०१९ या काळात १४ कोटींहून जास्त लोकांनी सुरक्षेसाठी म्हणून नंबर किंवा ईमेल दिले आणि ते जाहिराती दाखवायला वापरले गेले, मे २०२२ मध्ये अमेरिकेत त्यासाठी १५ कोटी डॉलरचा दंड झाला. आणि मार्च २०२३ पासून तिथे एसएमएसचा कोड फक्त पैसे भरणाऱ्यांना मिळतो.

पण म्हणून दुसरं कुलूपच लावायचं नाही हा उपाय झाला का? एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप, म्हणजे ते कोड दाखवणारं ॲप निवडा. गूगल ऑथेंटिकेटर, एजिस, एन्टे ऑथ, कुठलंही. सेटिंगमध्ये टू-फॅक्टर उघडून ऑथेंटिकेशन ॲप निवडलं की एक क्यूआर येतो, तो ॲपने स्कॅन करायचा, झालं. दर ३० सेकंदांनी सहा आकडे बदलतात. ते फोनमध्येच तयार होतात, नेट लागत नाही, रेंज लागत नाही आणि सिम चोराकडे गेलं तरी कोड जात नाही. फोनची वेळ मात्र ऑटोमॅटिकवर हवी, घड्याळ पुढेमागे असलं तर कोड चुकीचा येतो, मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवलीय.

सापळा इथे मोठा आहे. फोन बदलला, जुना एक्स्चेंजमध्ये दिला आणि कोडचं ॲप नव्या फोनवर आणायचं राहिलं, तर चोर बाहेर आणि तुम्ही पण बाहेर. टू-फॅक्टर लावताना बॅकअप कोड मिळतात, गूगल दहा देतं, ते वहीत लिहा. आत्ताच. नंतर लिहीन म्हणाल तर नाही लिहिणार.

व्हॉट्सॲपचं टू-स्टेप व्हेरिफिकेशन वेगळं, तिथे सहा आकडी पिन आपण ठरवायचा आणि सोबत ईमेल द्यायचा. तुम्ही पिन लावलेला नसला आणि चोराने आधी लावला तर त्या पिनशिवाय परत शिरायला सात दिवस थांबावं लागतं. तुम्ही एसएमएसवर आलेला कोड टाकून त्याला बाहेर काढेपर्यंत तो तुमच्या सगळ्या ग्रुपवर तुमच्या नावाने, "अर्जंट आहे, दहा हजार टाक ना".

पासकी नावाचं नवीन आलंय, पासवर्डच नाही, बोटाचा ठसा किंवा फोनचं लॉक. खोट्या साइटवर ती चालतच नाही हा तिचा मोठा फायदा. जिथे मिळेल तिथे घ्या.

५. हातावरचे शिक्के पुसा

जत्रेत एकदा तिकीट दाखवलं की हातावर शिक्का मारतात, मग आतबाहेर करताना तिकीट कुणी विचारत नाही. लॉगिनचंही तसंच आहे, एकदा पासवर्ड दिला की फोनला असा एक शिक्का मिळतो, म्हणून रोज पासवर्ड टाकावा लागत नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये फेसबुकवर चोरांनी पासवर्डला हातही न लावता जवळपास ३ कोटी लोकांचे हे शिक्केच पळवले, आणि कंपनीने खबरदारी म्हणून ९ कोटी लोकांना लॉगआउट केलं होतं.

तर पासवर्ड बदलला की लगेच "तुम्ही कुठे कुठे लॉगिन आहात" ही यादी उघडा, मेटाच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टावाल्या कंपनीच्या ॲपमध्ये अकाऊंट्स सेंटर आणि मग पासवर्ड अँड सिक्युरिटी, आणि सगळीकडून लॉगआउट करा. माझ्या यादीत भंगारात दिलेला टॅब होता. व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस बघा. महा ई-सेवा केंद्रात नाहीतर झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढायला व्हॉट्सॲप वेब लावतो आणि तसंच सोडून घरी येतो, हे किती जणांचं झालंय ते बघाच एकदा.

आणि "फेसबुकने लॉगिन करा" म्हणून ज्या ज्या ॲपना आत घेतलंय ते काढा. "मागच्या जन्मी तुम्ही कोण होता" छापाच्या क्विझ पण. असल्याच एका ॲपमधून केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय प्रचाराचं काम करणाऱ्या कंपनीकडे माहिती गेली, त्या प्रकरणात जगभरातल्या ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती गेली असेल असं फेसबुकने २०१८ मध्ये सांगितलं. भारतात तसलं ॲप घेणारे होते फक्त ३३५ जण, आणि मित्रयादीमधून झळ पोहोचू शकलेले ५ लाख ६२ हजार. तुम्ही क्विझ खेळलाच नाहीत, तुमच्या भावजयीने खेळली, तरी माहिती तुमचीही.

६. मुळात देऊच नका

न दिलेली माहिती फुटत नाही. कॉन्टॅक्ट अपलोड बंद करा. एप्रिल २०१९ मध्ये समोर आलं की फेसबुक काही नव्या लोकांकडून थेट ईमेलचा पासवर्ड मागत होतं आणि त्यातून १५ लाख लोकांचे ईमेल कॉन्टॅक्ट वर चढवले गेले, चुकून, असं कंपनी म्हणाली. ईमेलचा पासवर्ड ईमेलशिवाय कुणालाही द्यायचा नाही, समोर कितीही मोठं नाव असू दे. नंबरवरून आपल्याला शोधता येणं पण बंद करा, २०२१ मध्ये ५३ कोटी लोकांचे नंबर नावासकट जे उघड्यावर आले त्यात जवळपास ६० लाख भारतातले होते, ते अशाच शोधायच्या सोयीचा गैरफायदा घेऊन गोळा केलेले होते.

आता आपली खास गोष्ट. पासवर्ड विसरल्यावर विचारतात ते सिक्युरिटी प्रश्न काय असतात? आईचं माहेरचं आडनाव, जन्मगाव, जन्मतारीख. आणि आपल्या लग्नाच्या बायोडाटात काय असतं? जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ, मामांचं नाव आणि गाव, आत्या, काका, शिक्षण, पगार, दोन मोबाइल नंबर आणि सगळ्यात वर गणपतीचा फोटो. हा कागद वधू-वर सूचक ग्रुपवर कुणाकुणाच्या फोनमध्ये फिरतो याचा हिशोब नाही. आईचं माहेरचं आडनाव हे आपल्याकडे गुपित असूच शकत नाही. बायोडाटा तर द्यावाच लागतो, लग्नं व्हायची आहेत, म्हणून प्रश्नांची उत्तरं खोटी द्या. माझ्या पहिल्या शाळेचं नाव एका ठिकाणी "तिखट शेव" आहे. खोटं उत्तर वहीत लिहून ठेवा म्हणजे झालं. आणि बायोडाटात नंबर एकच, तो पण बँकेला जोडलेला नसलेला.

व्हॉट्सॲपचे मेसेज २०१६ पासून एन्ड-टू-एन्ड आहेत, मधे कंपनीला वाचता येत नाहीत हे खरं आहे, पण कोण कुणाशी कधी बोललं ही नोंद त्यात झाकली जात नाही. आणि ड्राइव्हवरचा बॅकअप वेगळा कुलूपबंद करावा लागतो, चॅट बॅकअपमध्ये ती सोय आहे. तो पासवर्डही वहीत, हरवला तर बॅकअप गेला.

लग्नपत्रिका किंवा आरटीओ चलन म्हणून आलेली एपीके, म्हणजे ॲप इन्स्टॉल करणारी फाइल उघडायची नाही. पत्रिका फोटो नाहीतर पीडीएफ असते, इन्स्टॉल करायची पत्रिका नसते. एवढंच.

७. तरीही गेलंच तर

क्रम महत्त्वाचा आहे, मी उलटा केला होता आणि म्हणून सात जणींचे पैसे गेले.

आधी लोकांना सांगा. दुसऱ्या फोनवरून, घरच्यांच्या स्टेटसवरून, सोसायटीच्या ग्रुपवर, "माझ्या नावाने पैसे मागितले तर देऊ नका". मी पहिले चार तास पासवर्ड रीसेट करत बसले होते.

कुणी पैसे भरले असतील तर त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन, ज्याच्या खात्यातून गेले त्याने करायचा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे पुढच्या खात्यात अडकून सापडायची शक्यता जास्त. मग केंद्र सरकारच्या नॅशनल सायबर क्राइम रिपोर्टिंग पोर्टलवर लेखी तक्रार. त्यासाठी हाताशी ठेवा: चोराच्या मेसेजचे आणि क्यूआरचे स्क्रीनशॉट, तारीख-वेळ दिसेल असे, तुमच्या प्रोफाइलची लिंक, नुसतं नाव चालत नाही, पैसे गेलेल्या व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे बँकेतला व्यवहाराचा नंबर आणि बँक स्टेटमेंट, ओळखपत्र. तक्रार नंबर मिळतो तो जपून ठेवा, बँक आणि पोलिस स्टेशन दोन्हीकडे तोच विचारतात.

मग कंपनीकडे. ईमेल बदलल्याचं पत्र तुमच्या जुन्या ईमेलवर आलेलं असतं, "हे तुम्ही केलं नसेल तर इथे दाबा", ती लिंक सगळ्यात कामाची, मला ते पत्र स्पॅममध्ये नवव्या दिवशी सापडलं. मात्र ते पत्र खरंच कंपनीच्या पत्त्यावरून आलंय का ते आधी बघा. त्याने झालं नाही तर कंपनीच्या भारतातल्या ग्रिव्हन्स ऑफिसरला, म्हणजे तक्रार अधिकाऱ्याला लिहा, २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे प्रत्येक मोठ्या सोशल मीडिया कंपनीला तो नेमावाच लागतो आणि त्याचा पत्ता साइटवर द्यावा लागतो. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांच्या आत सरकारच्या ग्रिव्हन्स अपील कमिटीकडे ऑनलाइन अपील करता येतं.

सगळ्यात वाईट सापळा आता येतो. तुम्ही कुठेही "माझं अकाऊंट हॅक झालं" असं लिहिलंत की खाली पाच मिनिटांत कमेंट येते, अमुक भाऊने माझं परत मिळवून दिलं, त्यांना मेसेज करा. हे भाऊ दुसरे चोर. मी एकाला दीड हजार दिले. हे नवऱ्याला अजून माहीत नाही.

८. अकाऊंट बंदच करायचं असेल तर

डीॲक्टिव्हेट म्हणजे पडदा ओढणं, डेटा तिथेच राहतो. डिलीट वेगळं. आधी "डाउनलोड युअर इन्फर्मेशन" मधून फोटो वगैरे उतरवून घ्या, मोठी फाइल असते, वायफायवर करा. त्या अकाऊंटने जिथे जिथे लॉगिन करत होतात तिथे आधी वेगळा ईमेल-पासवर्ड लावा, नाहीतर तेही दरवाजे बंद होतील. पेज चालवत असाल तर दुसऱ्या कुणाला तरी ॲडमिन करा.

फेसबुकवर डिलीट केल्यावर ३० दिवस मन बदलायला देतात आणि सर्व्हरवरून सगळं पुसायला ९० दिवसांपर्यंत लागू शकतात. या ३० दिवसांत लॉगिन करून कॅन्सल दाबलं की सगळं जिवंत होतं, म्हणून फोनमधून ॲप आधी काढून टाका, कारण बोट सवयीने जातं. माझं जुनं वैयक्तिक अकाऊंट मी डिलीटला लावलं होतं तेव्हा अकराव्या दिवशी दुपारी, चहा उकळेपर्यंत सहज म्हणून उघडलं, समोर काहीतरी विचारलं, मी न वाचता हो दाबलं. पुन्हा पहिल्या दिवसापासून.